आमटीच्या बरण्या आणि उकळतं पाणी

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे होत्या. परत जाण्याआधी त्यांनी तुरीच्या डाळीची आमटी आणि परसातल्या फरसबी-गाजराचं सूप काचेच्या बरण्यांत भरलं आणि त्या बरण्या मोठ्या पातेल्यात तीन तास उकळल्या. झाकणं घट्ट बसली आहेत, दाबली तरी हलत नाहीत. तीन आठवडे बरण्या कपाटात आहेत. मुलं आजीची आमटी मागताहेत. देऊ का?

उत्तर : नका देऊ. एकही बरणी उघडू नका आणि चव घेऊन तर मुळीच बघू नका. सासूबाईंनी किती मायेनं हे केलं असेल ते कळतं मला, पण इथे मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत असतो, म्हणून तो भाजीवरही येतो. त्याची बीजं १०० अंशांच्या पाण्यात तासन् तास तग धरतात. बरणी उकळली की आतली हवा निघून जाते आणि झाकण बसतं. हवा नाही, आंबटपणा नाही, ओलावा भरपूर आणि कपाटातली ऊब. या जंतूला वाढायला हेच हवं असतं. त्यानं सोडलेल्या विषाला वास, रंग, चव असेलच असं नाही. बसलेलं झाकण एवढंच सांगतं की बाहेरची हवा आत जात नाही. आत काय चाललंय ते त्यावरून कळत नाही.

२०१५च्या एप्रिलमध्ये ओहायोतल्या लँकेस्टर गावी चर्चमधल्या एका जेवणानंतर २९ जण आजारी पडले आणि एक जण दगावला. त्या जेवणात बटाट्याचं सॅलड होतं. त्यातले बटाटे घरीच बरणीबंद केलेले होते आणि त्या बरण्या साध्या उकळत्या पाण्यात ठेवलेल्या होत्या. बटाटा काय, फरसबी काय, डाळ काय, या बाबतीत सगळी एकाच पंगतीतली.

बरण्या न उघडता जाड पिशवीत घट्ट बांधा आणि मुलं-जनावरं पोचणार नाहीत अशा रीतीनं कचऱ्यात टाका. घरात कुणी यातलं आधीच खाल्लं असेल आणि दोन-दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलताना जीभ अडखळली किंवा घास गिळवेना, तर रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय गाठा आणि घरी बरणीबंद केलेलं खाल्लंय हे पहिल्या वाक्यात सांगा. यावर प्रतिविष आहे, पण ते लवकर मिळायला हवं.

पुढच्या वर्षी करायचंच असेल, तर प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या मावतील असा मोठा प्रेशर कुकर, घ्या. दाबाखालची वाफ ११६ अंशांपर्यंत जाते आणि तिथेच ही बीजं मरतात. झाकणावर शिट्टीसारखं वजन चढवण्याआधी दहा मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्यायची. आत हवा अडकली, तर दाब बरोबर दिसतो पण उष्णता कमी पडते. समुद्रसपाटीपासून हजार फुटांपर्यंत दहा पौंड दाबाचं वजन, त्याच्या वर पंधराचं. मी डेन्व्हरला राहते. इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे माझ्या कॅनरवर कायम पंधराचंच असतं.

भाज्यांच्या सूपसाठी अमेरिकेच्या कृषी खात्यानं तपासलेली रीत अशी : बरणी निम्मी फोडींनी भरायची, मग वरून गरम पाणी किंवा रस्सा घालायचा, वर एक इंच जागा सोडायची. अर्ध्या लिटरच्या बरणीला ६० मिनिटं, लिटरच्या बरणीला ७५. भात, शेवया, मैदा, दूध, साय यातलं काही घालायचं नाही. दाट पदार्थात उष्णता मधोमध पोचायला फार वेळ लागतो. घोटलेल्या डाळीची आमटी, पिठलं, भोपळ्याचा गर हे म्हणूनच बरणीत नको. आमटी फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ती छान राहते आणि मुलांना आजीची चवही मिळेल.

प्रश्न : मावशी, मी पुण्याची. नोकरीसाठी बंगळूरला चाललेय. आईची उसळ बरणीत भरून घरच्या पाच लिटरच्या कुकरला दहा-बारा शिट्ट्या दिल्या तर महिनाभर टिकेल ना? दाब तर तेवढाच असतो!

उत्तर : अगं, दाब तेवढाच असतो हे खरं. पण वेळेचे जे आकडे आहेत ते मोठ्या कॅनरसाठी काढलेले आहेत. तो सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि त्या चढउतारातही बरणीला उष्णता मिळत राहते. छोटा कुकर झटकन तापतो आणि निवतो. शिवाय प्रत्येक शिट्टीला दाब खाली-वर होतो, आणि शिट्ट्यांवरून मिनिटं मोजता येत नाहीत. विजेच्या भांड्यांचंही तेच. हा नाद सोड. आईकडून मेतकूट, सांडगे, लसणाची कोरडी चटणी, भाजलेलं डांगर घेऊन जा. कोरड्या पदार्थात या जंतूला वाढता येत नाही. फक्त ओला लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नकोस.

प्रश्न : नाशिकजवळ आमचा मळा आहे. टोमॅटोला भाव नसतो तेव्हा साराच्या तयारीनं बरण्या भरून ठेवता येतील का?

उत्तर : टोमॅटोला येतील, आणि उकळत्या पाण्यातच, कारण पुरेशा आंबटपणात तो वर सांगितलेला जंतू वाढत नाही. मात्र टोमॅटोचा आंबटपणा जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे बदलतो, तेव्हा जिभेवर विसंबू नका. अर्ध्या लिटरच्या बरणीत चहाचा पाव चमचा (टीस्पून) सायट्रिक आम्ल घालाच, आणि चमचा मापाचा घ्या. टोमॅटो सोलून, चिरून, पाच मिनिटं उकळून गरमच भरा आणि वर अर्धा इंच जागा ठेवा. बरण्या पाण्यात पूर्ण बुडलेल्या हव्यात. तुमच्याकडची उंची हजार फुटांच्या वर आहे, म्हणून ४० मिनिटं, आणि तीही पाणी खळखळायला लागल्यापासून मोजायची. टोमॅटोबरोबर कांदा, लसूण, मिरच्या, गाजर काही नको, त्यानं आंबटपणा उतरतो. नारळाचं दूध आणि तूप-जिऱ्याची फोडणी सार करताना, बरणी उघडल्यावरच.