ऑनलाइन घेतलेला राणी छाप रुपया (व्हिक्टोरिया राणीचा, ब्रिटिशकालीन चांदीचा) खरा की खोटा, कसं ओळखायचं? आणि तक्रार कुठे?

आधी वजन करा, पुण्यात तुळशीबागेजवळ किंवा लक्ष्मी रोडला कुठल्याही सराफाकडे काटा असतो, खरा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल पण ९-१० भरला तर विषयच संपला. लोहचुंबकाला चिकटला तरी खोटाच. मग भिंगाने कडा बघा, ओतीव नकलेत मधोमध बारीक जोडरेष दिसते, राणीच्या गालावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. आणि १८६२ सालच्या नाण्यावर राणीच्या नावापुढे ‘एम्प्रेस’ (सम्राज्ञी) असेल तर सरळ परत करा, ते १८७७ पासून आलं. राम-सीतावाले ‘१८१८ ईस्ट इंडिया कंपनी’ तर नाणीच नव्हेत, तरी लोक हजारो मोजतात काय बोलणार! लिस्टिंग, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, मग साइटवर रिपोर्ट, पैसे बुडाले तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन.