तापलेल्या टायरची हवा काढू नका

प्रश्न : ट्रॅव्हलर मिनीबसची कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) करून घेतली. पुण्याहून सोलापूरला पोचेपर्यंत मागचे टायर फार तापतात. हवा थोडी कमी करू का?

उत्तर : नाही ताई, अजिबात नको! तापल्यावर प्रेशर वाढतंच. तेव्हा हवा काढलीत तर टायर जास्त दबतो आणि आणखी तापतो. हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा.

त्याआधी पाणी, सिलिंडर, माणसं असं सगळं भरून वजनकाट्यावर जा. पुढचा-मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार, वेगवेगळा तोला. माझ्या गाडीत १२० लिटरची टाकी मागच्या चाकांच्याही मागे होती. पाण्याचेच १२० किलो! पुढच्या चाकांवरचा भार उचलला जाऊन मागच्या चाकांवर १२० किलोहूनही जास्त पडायचा. टाकी पुढे घेतली. प्रत्येक टायरवरचा भार त्या टायरवर लिहिलेल्या मर्यादेत असावा. हवेचा आकडा त्या भारावरूनच ठरतो. मागे जोडचाकं (एका बाजूला दोन-दोन) असतील तर आतलं रोज तपासा, त्यातली हवा गेलेली बाहेरून दिसत नाही.