फ्रँकफर्टहून दोन दिवसांत हायडेलबर्ग, आईचा गुडघा सांभाळून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यातला एक शनिवार-रविवार, आई-बाबा बरोबर, फ्रँकफर्टहून निघून हायडेलबर्गला एक मुक्काम. आईचा गुडघा दुखतो, तिघेही शाकाहारी. काय पाहायचं आणि कोणत्या क्रमानं?

क्रम हाच खरा प्रश्न आहे. हायडेलबर्गचं जुनं शहर म्हणजे नेकर नदी आणि डोंगर यांच्यामध्ये अडकलेली एक लांब, अरुंद पट्टी. पट्टीवर चालायला सपाट आहे, पण नाव घेण्यासारखं जे काही आहे ते दोन्ही बाजूंच्या उतारांवर बसलंय. दक्षिणेच्या उतारावर किल्ला, उत्तरेच्या उतारावर फिलोसोफेनवेग, म्हणजे तत्त्वज्ञांची वाट. किल्ल्याच्या गच्चीवरून शहर पाहताना तोंड पश्चिमेकडे असतं, म्हणून सकाळी ऊन पाठीवर येतं आणि शहर स्वच्छ दिसतं. फिलोसोफेनवेगवरून किल्ला पाहायचा तर तोंड दक्षिणेकडे. तिथे सकाळी ऊन थेट डोळ्यांत येतं, पण संध्याकाळी पश्चिमेचा प्रकाश किल्ल्याच्या लाल वालुकाश्मावर पडतो. त्यामुळे सकाळी किल्ला आणि संध्याकाळी नदीपलीकडे असं ठरवलं की निम्मं नियोजन झालं. बहुतेक जण बरोबर उलटं करतात आणि मग फोटोत नुसती काळी आकृती येते.

आधी पोचायचं कसं ते. फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनावरून थेट जलद गाडी तासाभराच्या आत पोचवते. प्रादेशिक गाडी डार्मश्टाट, बेन्सहाइम, वाइनहाइम करत सव्वा ते दीड तास घेते, पण ती स्वस्त असते आणि जाताना डाव्या खिडकीतून बेर्गश्ट्रास या पट्ट्यातले द्राक्षमळे आणि टेकड्यांवरचे पडके किल्ले दिसत राहतात. विमानतळावरून निघणार असाल तर बहुधा मानहाइमला गाडी बदलावी लागते. विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, लांब पल्ल्याचं वेगळं आणि प्रादेशिक गाड्यांचं वेगळं. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते आधी पाहून ठेवा, कारण सामान घेऊन एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागतो.

तिकिटात लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं म्हणजे जलद गाडीचं स्वस्त तिकीट, 'श्पारप्राइस'. ते ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं. तुम्ही उशिरा पोचलात तर पुढच्या गाडीत ते कागदाचा तुकडा. उलट रेल्वेमुळेच मुक्कामी पोचायला 20 मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ही अट गळून पडते आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. दुसरं, बाडेन-व्युर्टेम्बेर्गचं राज्य-तिकीट. हायडेलबर्ग त्या राज्यात आहे, पण फ्रँकफर्ट हेसन राज्यात येतं, म्हणून या प्रवासाला ते तिकीट चालत नाही. तिकीट तपासनीस साध्या वेशातही असू शकतात आणि विनातिकीट प्रवासाचा दंड 60 युरो आहे. "माहीत नव्हतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

हायडेलबर्गचं मुख्य स्टेशन जुन्या शहरापासून अडीच किलोमीटरवर आहे. उतरल्या उतरल्या चालत सुटू नका, मधला रस्ता रुक्ष आहे. सामान स्टेशनावरच्या लॉकरमध्ये टाका आणि 33 नंबरच्या बसनं थेट 'राटहाउस/बेर्गबान' या थांब्याला उतरा. समोरच किल्ल्याकडे जाणाऱ्या डोंगरी रेल्वेचं, बेर्गबानचं, खालचं स्टेशन आहे. साडेनऊ-दहाच्या आत पोचलात तर रांग लागत नाही. अकरानंतर नदीतल्या प्रवासी बोटी आणि मोठ्या बसगाड्यांमधली मंडळी एकदम येतात. तेव्हा त्याच ठिकाणी अर्धा तास सहज जातो.

किल्ल्याचं तिकीट माणशी दहा युरोच्या आसपास धरा. त्यात बेर्गबानच्या खालच्या टप्प्यानं जाणं-येणं, किल्ल्याचं अंगण, वाइनचं मोठं पिंप आणि औषधनिर्मितीचं संग्रहालय येतं. आतले दिवाणखाने फक्त मार्गदर्शकाबरोबर दिसतात, त्याचे पैसे वेगळे. बाग आणि तिथली गच्ची मात्र फुकट. जिन्यानंही चढता येतं, पण 300 हून अधिक पायऱ्या आहेत. आईंना तो विचारही सांगू नका. बेर्गबान वर्षातून ठरावीक दिवस देखभालीसाठी बंद असते, तेव्हा निघण्याआधी तिच्या संकेतस्थळावर तारखा पाहून घ्या. ती बंद असेल तर टॅक्सी करा.

किल्ल्यात काय पाहायचं? आधी बागेतून फुटका बुरूज पाहा. फ्रेंच सैन्यानं 1689 आणि 1693 मध्ये हा किल्ला उद्ध्वस्त केला, तेव्हा सुरुंगानं या बुरुजाची अर्धी भिंत अख्खीच्या अख्खी सुटून खंदकात कलली, आणि ती आजही तशीच पडून आहे. भिंतीची जाडी काही मीटर आहे, ती त्या कापामुळेच डोळ्यांना कळते. पुढे दुरुस्ती चालू असताना 1764 मध्ये वीज पडली आणि सगळं पुन्हा जळालं, मग राजघराण्यानं नाद सोडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला पुन्हा बांधावा की अवशेष तसेच ठेवावेत यावर जोरदार वाद झाला. शेवटी फक्त फ्रिडरिशबाउ ही इमारत पूर्ण दुरुस्त केली. अंगणात उभं राहिलं की एका बाजूला ती नीटनेटकी इमारत आणि दुसऱ्या बाजूला ओट्टहाइनरिशबाउची छप्पर नसलेली भिंत, खिडक्यांतून आकाश दिसतंय. मला विचाराल तर ही बिनछपराची भिंतच जास्त सुंदर.

मोठं पिंप 1751 चं, सुमारे 2 लाख 20 हजार लिटरचं. एवढं कशाला? द्राक्षमळेवाल्यांकडून कर वाइनच्या रूपात घेतला जायचा आणि ती सगळी एकाच पिंपात ओतली जायची. चवीचं काय होत असेल ते समजून घ्या. वर चढायला लाकडी जिना आहे. आईंना खालीच पेर्केओ या विदूषकाच्या पुतळ्याजवळ थांबू द्या, वर जाऊन फार काही वेगळं दिसत नाही. औषधांचं संग्रहालय मात्र चुकवू नका. जुन्या पेढ्यांतल्या लाकडी कपाटांच्या रांगा, बरण्या, खल, ऊर्ध्वपातनाची भांडी असं सगळं आहे, आणि घरात कोणी आयुर्वेदाची पुस्तकं चाळणारं असेल तर इथे तासभर जातो.

बाराच्या सुमारास खाली उतरा. कोर्नमार्क्ट या चौकापासून पश्चिमेकडे गेलात की पवित्र आत्म्याचं चर्च, हायलिगगाइस्टकिर्शं, लागतं. प्रवेश मोफत, मनोऱ्यावर जायला पैसे आणि 200 हून अधिक पायऱ्या. आत एक आधुनिक काचचित्र शोधा. त्यावर आइनस्टाइनचं ऊर्जा-वस्तुमानाचं समीकरण आहे आणि 6.8.1945 ही हिरोशिमाची तारीख. याच चर्चच्या सज्ज्यांमध्ये एके काळी युरोपातला एक फार मोठा ग्रंथसंग्रह होता. 1623 मध्ये तो युद्धातली लूट म्हणून रोमला, व्हॅटिकनला गेला. 1706 ते 1936 या काळात चर्चच्या मधोमध भिंत होती, एका बाजूला प्रोटेस्टंट, दुसऱ्या बाजूला कॅथलिक. रविवारी सकाळी इथे प्रार्थना चालते, म्हणून शनिवारीच पाहून घ्या.

आता विद्यापीठ. 1386 मध्ये स्थापन झालेलं हे आजच्या जर्मनीतलं सर्वांत जुनं विद्यापीठ. पण 'कॅम्पस' शोधायला गेलात तर निराश व्हाल, कारण त्याच्या इमारती शहरभर विखुरलेल्या आहेत. खरं पाहण्यासारखं म्हणजे जुन्या विद्यापीठाच्या मागच्या गल्लीतलं कार्त्सर, विद्यार्थ्यांचा तुरुंग. विद्यार्थ्यांवर खटला चालवायचा अधिकार शहराला नव्हता, विद्यापीठाला होता. दारू पिऊन रात्री आरडाओरडा केला, पोलिसाशी हुज्जत घातली की काही दिवस ते काही आठवडे इथे रवानगी. सुरुवातीचे दिवस पाव आणि पाणी, पुढे तासांना जायची मुभाही मिळायची. म्हणून ही शिक्षा कमी आणि मिरवण्याची गोष्ट जास्त झाली. 1914 पर्यंत हे चालू होतं. भिंती आणि छत मेणबत्तीच्या काजळीनं आणि रंगानं काढलेल्या स्वतःच्या आकृत्यांनी भरलेत, इंचभर जागा मोकळी नाही. जिना अरुंद आहे. कोणत्या वारी बंद असतं ते आधी पाहून घ्या.

हाउप्टश्ट्रास या लांबलचक पादचारी रस्त्यावर बुन्सेनचा पुतळा दिसेल. शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर ज्याच्या नावानं आहे तोच. किर्शहोफ या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यानं इथे वर्णपटाच्या साहाय्यानं मूलद्रव्यं ओळखायची पद्धत शोधली आणि सीझियम, रुबिडियम शोधून काढली. पुतळ्याजवळ दोन मिनिटं पुरेत.

जेवणाकडे नीट लक्ष द्या, कारण इथे 'शाकाहारी' या शब्दात अंडं बसतं. श्पेट्सलं या शेवयांसारख्या पदार्थाच्या पिठातच अंडं असतं, चीज घातलेले कितीही शाकाहारी दिसले तरी. अंडं चालत नसेल तर "ओने आय" असं स्पष्ट सांगा. फ्लामकूखन या पातळ भाकरीवर सवयीनं डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तिथे "ओने श्पेक". माउलटाशन म्हणजे मूळची खिमा भरलेली कडबूच, भाजीची मागून घ्यावी लागते. मे महिना पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे श्पारगेलचा हंगाम आहे आणि जवळचं श्वेत्सिंगन त्यासाठीच प्रसिद्ध. ती उकडलेले बटाटे आणि लोण्याबरोबर मागा. शेजारी ठेवलेला हॅम नको म्हणून आधीच सांगा, आणि पिवळा होलांडेझ सॉस अंड्याचा असतो हेही लक्षात ठेवा. स्वस्तात हवं असेल तर नदीजवळच्या मार्श्टाल या जुन्या शस्त्रागारात विद्यार्थ्यांची मेस आहे. बुफे वजनावर, बाहेरच्यांना दर थोडा जास्त, पण ताटात काय आलं ते डोळ्यांना दिसतं. रविवारचं गणित मात्र तिच्यावर बांधू नका. हॉटेलात पाणी फुकट येत नाही. छोट्या ठिकाणी कार्ड नाकारतात, तेव्हा खिशात 50 युरो रोख असू द्या. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, ती टाकू नका, दुकानातल्या यंत्रात परत द्या. आणि शनिवारी संध्याकाळीच फळं, दही, पाव घेऊन ठेवा, कारण रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात.

मुक्काम जुन्या शहराच्या मधोमध नको. उंटरं श्ट्रास आणि आसपासच्या गल्ल्यांत शनिवारी रात्री उशिरापर्यंत दारूच्या दुकानांचा गोंगाट असतो, शिवाय जुन्या घरांना लिफ्ट नसते. बिस्मार्कप्लात्झ या चौकाच्या आसपास, बेर्गहाइम किंवा वेस्टश्टाट भागात राहा. तिथून ट्राम मिळते आणि रस्ते सपाट आहेत. आरक्षण करताना 'आउफत्सूग', म्हणजे लिफ्ट, आहे का ते बघा.

संध्याकाळी साधारण सातला जुन्या पुलावरून नदी ओलांडा. मे महिन्यात नऊपर्यंत उजेड असतो. पुलाच्या तोंडाशी हातात आरसा घेतलेलं कांस्याचं माकड आहे. आरशाला हात लावला की पैसा, बोटांना लावला की पुन्हा येणं, असं लोक सांगतात. पुलापलीकडून फिलोसोफेनवेगला जाणारी श्लांगनवेग ही नागमोडी वाट पायऱ्यांची आणि फार खडी आहे. नदीपलीकडच्या नॉयेनहाइम भागाकडून डांबरी रस्ता आहे, पण चढ तोही चांगलाच. बाबा आणि तुम्ही जा. आईंना पुलाच्या उत्तर टोकापासून नदीकाठानं पश्चिमेकडे सपाट रस्त्यानं न्या, किंवा नेकरवीझं या नदीकाठच्या हिरवळीवर बसवा. किल्ला, पूल आणि चर्च एका चौकटीत तिथूनही दिसतात. 1907 मध्ये कवी इक्बाल जर्मन शिकायला या शहरात होते. नेकरकाठच्या संध्याकाळीवर त्यांची उर्दू कविता आहे, आणि काठाच्या एका भागाला त्यांचं नावही दिलंय.

रविवारी दोन पर्याय. एक, बेर्गबाननं केनिगष्टूल या डोंगराच्या माथ्यावर. मधे मोल्केनकूर या स्टेशनावर गाडी बदलते आणि तिथून पुढे 1907 पासूनचे लाकडी डबे. हा वरचा टप्पा किल्ल्याच्या तिकिटात येत नाही, लोक इथेच गोंधळतात. उंची सुमारे 568 मीटर, हवा स्वच्छ असेल तर ऱ्हाइनचं खोरं दिसतं. धुकं असेल तर पैसे वाया, तेव्हा सकाळी खिडकीतून डोंगराचा माथा दिसतो का ते पाहूनच ठरवा. दुसरा, नेकरश्टाइनाख. एकाच गावाच्या डोक्यावर चार किल्ले. उन्हाळ्यात बोटीनं जाऊन-येऊन तीन तास लागतात, लोकल गाडीनं वीसेक मिनिटं. गुडघ्याचा विचार करता मी बोट निवडेन. जाताना बोट आणि येताना लोकल असं केलंत तर अर्धा दिवस पुरतो. लोकल 'हायडेलबर्ग-आल्टश्टाट' या जुन्या शहराच्या पूर्व टोकाच्या स्टेशनावरही थांबते, पण तुमचं सामान मुख्य स्टेशनावर आहे, म्हणून तिथे उतरू नका.

सोमवारची सुट्टी जोडता आली तर बेर्गहाइममधली दक्षिण आशिया संस्था पाहा, शनिवार-रविवारी तिथे कोणी भेटत नाही. खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांवर 1976 मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिणारे गुंथर सोंथायमर याच संस्थेत शिकवत होते. जेजुरीच्या आणि धनगरांच्या वाटा पायाखाली घातलेला माणूस. आई-बाबांना किल्ल्यापेक्षा हे जास्त आवडलं तर नवल नाही.