रिकंबंट सायकलसाठी कॅडेन्स दाखवणारा कॉम्प्युटर कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय की सेकंडहँड रिकंबंट (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल) घेतली आहे, पुढचं चाक 20 इंची, मागचं 26 इंची, आणि कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला होणारे पायडलचे फेरे, दाखवणारा कॉम्प्युटर घ्यायचाय. तर तो वायरचा घ्यावा की वायरलेस, आणि मुळात कॅडेन्स लागतंच का? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्यावरच ठरतं.

लागतं, आणि साध्या सायकलपेक्षा जास्त लागतं. मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्टजवळ राहते आणि सहा वर्षं रोज रिकंबंटवरच ऑफिसला जाते. साध्या सायकलवर चढ आला की आपण सीटवरून उठतो, अंगाचं वजन पायडलवर टाकतो. रिकंबंटवर उठायची सोयच नाही. उलट पाठीला सीटचा भक्कम टेकू असतो, त्यामुळे जड गिअर टाकून पाय कितीही जोरात रेटता येतात, जिममध्ये लेग प्रेसवर रेटतो तसे. त्या वेळी काही जाणवत नाही. इथे चढ फारसे नाहीत, पण नदीच्या बांधावर समोरून वारा सुटला की तो चढापेक्षा वाईट. पहिल्या हिवाळ्यात मी वाऱ्यात अशीच रेटत राहिले आणि फेब्रुवारीत उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली इतकं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. फिजिओथेरपिस्टनं विचारलं, मिनिटाला पायडलचे किती फेरे होतात? मी म्हटलं, ऐंशी तरी असतील. सेन्सर लावल्यावर कळलं, वाऱ्यात ते 55 ते 58 होते. आता मी आकडा 75 च्या खाली जाऊ देत नाही. खाली जायला लागला की गिअर हलका करते. गुडघा तेव्हापासून शांत आहे.

आता खरेदीचं. दुकानात जाण्याआधी घरी मोजपट्टी घ्या आणि स्क्रीन जिथे बसेल तिथून क्रँकपर्यंतचं (पायडल ज्या दांड्याला असतं तो) अंतर मोजा. साध्या सायकलवर क्रँक आणि मागचं चाक शेजारी शेजारी असतात, म्हणून बरेच कॅडेन्स सेन्सर जोडीचे येतात: एकच डबी मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर बसवायची, तिची एक बाजू क्रँकवरचं चुंबक मोजते आणि दुसरी चाकाच्या आऱ्यावरचं. तुमच्या सायकलला क्रँक सगळ्यात पुढे, बूमच्या (पुढे निघालेल्या नळीच्या) टोकाला, आणि मागचं चाक पाठीमागे. ही जोडडबी घेऊ नका. मी घेतली होती, आणि ती कपाटातच राहिली.

जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग वायरलेस सेटपासूनही लांब राहा. त्यांचा सिग्नल साधारण 70 सेंटीमीटरपर्यंतच पोचतो. माझ्या सायकलवर हँडलपासून क्रँकपर्यंत 85 भरतात. असे सेट स्वस्त मिळतात, पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'वायरलेस' लिहिलेलं असतं, आणि रिकंबंटवर आकडा मध्येच शून्य होतो. डिजिटल, म्हणजे एएनटी प्लस (अशा सेन्सरांसाठीची ब्लूटूथसारखी पद्धत) किंवा ब्लूटूथवर चालणारे सेन्सर काही मीटरपर्यंत सहज पोचतात, तेच घ्या. वायरचा सेट अगदीच वाईट नाही. त्यातला चुंबकाचा सेन्सर म्हणजे नुसतं उघडझाप करणारं बटण असतं, त्यामुळे वायर कमी पडली तर दोन पदरी वायर डाख देऊन वाढवता येते. पण हँडल वळताना वायर ताणली जाणार नाही आणि चेनला घासणार नाही अशी ती बांधणं, हे कामच आहे. मला ते पावसाळी हवेत नको वाटतं.

माझी निवड सांगते. चुंबकाशिवाय चालणारा, क्रँकलाच रबरबँडनं बांधायचा सेन्सर. गार्मिनचा कॅडेन्स सेन्सर 2, वाहूचा आरपीएम, किंवा स्वस्तात मॅजीनचा एस3 प्लस आणि कूस्पोचा बीके467. शेवटच्या दोघांना एकच डबी वेगासाठी किंवा कॅडेन्ससाठी ठेवता येते, पण एका वेळी एकच. दोन्ही हवं तर दोन डब्या घ्याव्या लागतात. आत सीआर2032 हा गोल सेल असतो, कुठेही मिळतो. डबी डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला बांधायची, आणि इथेच रिकंबंटची एक खोच आहे. पुढचं चाक क्रँकच्या अगदी जवळ असेल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, प्रत्येक वेळी क्रँक हातानं सावकाश फिरवा आणि डबी टायरला लागते का बघा. सरळ चाकावर बोटभर फट दिसते, आणि चाक वळलं की ती नाहीशी होते. माझी डबी म्हणूनच पायडलपासून शक्य तितकी लांब, क्रँकच्या मुळाशी सरकवलेली आहे. बूमलाही ती घासता कामा नये.

वेगासाठी वेगळा सेन्सर सुरुवातीला घेऊ नका, असं माझं मत. जीपीएसचा कॉम्प्युटर असेल तर वेग तसाही कळतो, दाट झाडीत थोडा वरखाली होतो इतकंच. कॅडेन्स मात्र जीपीएसला कळत नाही, तिथे सेन्सरच लागतो. पुढे वेगाचा सेन्सर घेतलात तर तो पुढच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसवा. मागे बसवला तर सेन्सर आणि स्क्रीनच्या मध्ये तुमचं शरीर येतं, आणि हा सिग्नल शरीरातून नीट जात नाही. आणि चाकाचा घेर आठवणीनं बदला. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आधीपासून 2100 मिलिमीटरच्या आसपास घेर भरलेला असतो, मोठ्या चाकाचा. 20 बाय 1.50 च्या टायरचा घेर साधारण 1490 असतो. तसंच ठेवलं तर 18 च्या वेगाला स्क्रीन 25 दाखवेल. सर्वांत बरं म्हणजे टायरवर आणि जमिनीवर खडूनं खूण करायची, स्वतः सीटवर बसायचं, घरच्या कुणालातरी सायकल सरळ ढकलायला सांगायचं, तीन फेरे मोजायचे आणि आलेल्या अंतराला तीननं भागायचं. बसूनच मोजायचं, कारण वजनानं टायर दबतो.

स्क्रीनबद्दल लोक फार कमी बोलतात, आणि माझ्या मते कॉम्प्युटर निवडताना तीच पहिली बघावी. तुमचं हँडल छातीसमोर असेल तर स्क्रीन जवळ असते, काही अडचण नाही. हँडल सीटखाली असेल तर त्यावर लावलेली स्क्रीन दिसणारच नाही; ती बूमवर न्यावी लागते, म्हणजे डोळ्यांपासून जवळजवळ मीटरभर लांब. बूमची नळी हँडलपेक्षा बरीच जाड असते, नेहमीचं क्लिप तिच्यावर बसत नाही. पुढच्या गिअरसाठी बूमवर जो उभा दांडा असतो त्याची जाडी हँडलच्या आसपास असते, तिथे रबराची पट्टी गुंडाळून ते बसतं. इतक्या अंतरावर गार्मिन एज 130 प्लसची 1.8 इंची स्क्रीन मला वाचता येत नाही. आयजीपीस्पोर्टच्या बीएससी100एसची 2.6 इंची आहे आणि तीच मी वापरते. पानावर चारच आकडे ठेवलेत, कॅडेन्स सगळ्यात वर. चाळिशी लागली असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण रस्ता आणि स्क्रीन दोन्हींसाठी चष्मा बदलता येत नाही. रिकंबंटवर आपण मागे रेललेले असतो, म्हणून काचेत आकाश दिसतं. स्क्रीन थोडी उभी करा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालूनच दुकानात स्क्रीन बघा. काही कोनांत ती काळी दिसते.

पैसे लगेच घालायचे नसतील तर आधी फक्त ब्लूटूथचा कॅडेन्स सेन्सर घ्या आणि पंधरा दिवस फोनवरच्या ॲपला जोडून चालवा. त्यात तुमचा खरा आकडा कळेल.

आकडा कळल्यावर एक गणित करून बघा. चढावर ताशी 7 किलोमीटरच्या खाली मला तोल सांभाळणं जड जातं. त्या वेगाला मिनिटाला 70 फेरे हवे असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल 1.67 मीटरच पुढे जायला हवी. 26 इंची मागच्या चाकाला हे साधतं पुढच्या दातेरी चकतीला 30 आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला 36 दात असतील तेव्हा. तुमच्या सायकलचे दात मोजा. सगळ्यात हलका गिअर याहून बराच जड निघाला तर कॉम्प्युटरआधी मागची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बदला, कारण चढावर कॅडेन्स कमी झालेली दिसूनही तुमच्याकडे टाकायला गिअर नसेल. आणि क्रँकवर आतल्या बाजूला 170 कोरलेलं आहे की 155, तेही बघा; ती क्रँकची मिलिमीटरमधली लांबी. रिकंबंटवर आखूड क्रँक बरेच जण लावतात. 155 च्या क्रँकवर पावलाचा वेग तोच ठेवला तर 170 वरच्या 80 चे 88 होतात, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तसाच उचलू नका.

हँडल छातीसमोर आहे की सीटखाली, ते खाली लिहा. त्यावरून स्क्रीन कुठे बसवायची ते नेमकं सांगते.