'अँटीबॅक्टेरियल' लिहिलेला कॉटनचा टॉवेल महिन्याभरात वास मारायला लागला, फसवलं का? बाळासाठीपण असलाच घ्यायचा विचार आहे.

फसवलं असं एकदम नाही म्हणता येणार. मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये (कापड धुण्या-रंगवण्याचा कारखाना) चार वर्षं फिनिशिंगला, म्हणजे कापडावर शेवटची केमिकलं चढवायच्या कामाला होतो, तिथलं सांगतो.

कॉटन पाणी धरून ठेवतं, त्यात घाम आणि अंगाचं तेल, म्हणजे जंतूंची चंगळच. वास खरं तर घामाचा नसतो, तो खाऊन जंतू जे सोडतात त्याचा असतो. ते थांबवायला कापडावर केमिकल चढवतात, कोणी चांदीवालं, कोणी झिंक ऑक्साइड, कोळंबी-खेकड्याच्या कवचातलं कायटोसानपण असतं, आमच्याकडे चालायचं ते क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियमवालं सिलेन, जंतू मारणारं आणि धाग्याला धरून राहणारं केमिकल. जंतू त्याला चिकटला की त्याचं वरचं आवरणच फाटतं. कापड केमिकलच्या टबातून जातं, रोलर पिळून काढतात, मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या मशीनवर, गरम हवेत सुकतं. सगळा खेळ तिथेच. उष्णता कमी पडली की माल नुसता वर बसतो, धाग्याला धरत नाही आणि घरी दोन-चार धुण्यांत जातो. घाईच्या लॉटला मशीनचा स्पीड कोण वाढवतं ते विचारू नका 😀

एकदा मीच क्वाटच्या टबात चुकीचा सॉफ्टनर ओतला, क्वाट प्लस चार्जचं, सॉफ्टनर मायनसचा, दोन मिनिटांत दूध नासल्यासारख्या गुठळ्या, अख्खा टब फुकट आणि वर शिव्या. घरच्या डिटर्जंटमध्येपण मायनसवालाच माल जास्त असतो, म्हणजे तेच हळूहळू तुमच्या बादलीत होतं. लॅबमध्ये आम्ही तुकडा ब्रोमोफिनॉल ब्लू नावाच्या निळ्या रंगात बुडवून खळबळायचो, क्वाट असलं तर निळा राहतो, नसलं तर पांढरा. बऱ्याच धुण्यांनंतरचा तुकडा कुठे निळा कुठे पांढरा, कोड फुटल्यासारखा दिसायचा.

चांदीचंही तेच, 2008 मध्ये अॅरिझोनात चांदीवाले मोजे पाण्यात हलवून बघितले तर काहींची जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत गेली होती.

लेबलवर नुसतं '99.9% जंतू मरतात' असेल तर सोडून द्या, तो आकडा लॅबमध्ये बहुतेक 18-24 तास जंतू कापडावर ठेवून काढलेला असतो. किती धुण्यांनंतरचा आणि कुठल्या टेस्टचा (एएटीसीसी 100 किंवा आयएसओ 20743) ते लिहिलंय का बघा.

बाळासाठीपण असलाच घेणार म्हणताय ते राहू द्या, साधे सोलापुरी दोन घ्या, एक वाळेपर्यंत दुसरा. आणि बाथरूमच्या खिळ्याला घडी घालून अडकवू नका, पंख्याखाली मोकळा पसरा.