मेडिकलच्या मुलांना व्हिटॅमिन डी किती कळतं?

तुमची मुलगी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आजीला ती रोज सकाळी सातला कोवळ्या उन्हात बसवते, आणि या मुलांना व्हिटॅमिन डी खरंच कळतं का, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरला मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणून लिहिते.

पुस्तकातलं कळतं, आणि पक्कं कळतं. त्वचेतल्या 7-डिहायड्रोकोलेस्टेरॉल नावाच्या पदार्थावर उन्हातले यूव्ही-बी (अतिनील) किरण पडले की डी3 बनतं, यकृतात त्याचं 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं, मग मूत्रपिंडात कॅल्सिट्रिऑल, म्हणजे डीचं प्रत्यक्ष काम करणारं रूप. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हे घडाघडा म्हणतात. पण “पेशंटच्या रक्तात यातलं काय तपासशील?” म्हटलं की बरेच जण अडखळतात. कॅल्सिट्रिऑल सांगतात, कारण शरीरात काम तेच करतं. तपासायचं असतं 25-हायड्रॉक्सी. ते दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून साठा किती आहे ते त्यावरूनच कळतं. कॅल्सिट्रिऑल काही तासांचं, आणि कमतरता असतानाही ते नॉर्मल येऊ शकतं.

उन्हाचं म्हणाल तर तिथे ही मुलं तुमच्या-माझ्यासारखीच घरातलं ऐकून बोलतात. कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण सूर्य खाली असताना यूव्ही-बी वातावरणातच अडून राहतं आणि त्वचेपर्यंत फारसं पोचत नाही. साधी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. मे महिन्यात इंदुरात दहा वाजेपर्यंत तशी होते. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीही ती जवळजवळ उंचीएवढीच असते, म्हणून हिवाळ्यात बाराच्या आसपास बसावं. हात-पाय उघडे, थोडाच वेळ, त्वचा लाल होऊ न देता. मे महिन्यातल्या दुपारी आजींना अजिबात बसवू नका. बंद खिडकीच्या काचेआड बसून उपयोग नाही, काच यूव्ही-बी अडवते.

आणि आमच्या मुलींचं स्वतःचं काय? होस्टेल, लेक्चर हॉल, वॉर्ड, लायब्ररी. स्कूटीवर निघाल्या की डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये आणि खांद्यापर्यंत सुती हातमोजे. धूळ आणि ऊन दोन्ही सोसवत नाही, हे मला मान्य आहे. पण ऊन भरपूर असलेल्या शहरात राहून अंगाला ते लागतच नाही.

मला खरी काळजी वाटते ती डोसची. व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं सॅशे (पावडरची पुडी) साधारण आठवड्याला एक, आठ आठवडे, असं देतात. प्रौढाची रोजची गरज 600 युनिट धरतात, म्हणजे एका सॅशेत शंभर दिवसांचा ऐवज. कुणी ते महिनोन् महिने रोज घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं, शेवटी मूत्रपिंडावर घाला. चिठ्ठीवर “आठवड्यातून एकदा, रविवारी” असं स्पष्ट मराठीत किंवा हिंदीत लिहायला मी मुलांना बजावून सांगते, कारण इंग्रजीतलं ‘वीकली’ घरी पोचेपर्यंत हरवतं. हे परीक्षेत कुणी विचारत नाही, आणि विचारायला हवं असं माझं ठाम मत आहे.

तपासणी सरसकट सगळ्यांनी करायची गरज नाही. अमेरिकेतल्या एन्डोक्राइन सोसायटीनेही (हार्मोनतज्ज्ञांची संघटना) 2024 साली निरोगी माणसांच्या नेहमीच्या तपासणीविरुद्धच सल्ला दिला. आजींचं वय 75 च्या पुढे असेल, तर रोजचा छोटा डोस सुरू करावा का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर मेडिकलवरून परस्पर सॅशे आणू नका; मूत्रपिंड अधू असलं तर औषधाचा प्रकारही कधी कधी बदलावा लागतो. मुलीला विचारा, का बदलावा लागतो. ते तिला नक्की येत असेल.