बेसबॉलचा सीझन सुरू होण्याआधी कुठली टीम किती सामने जिंकेल याचा अंदाज कसा बांधायचा? ऑफिसात पैज लागली आहे.

तुमचा प्रश्न वाचला. अमेरिकेत येऊन वर्षही झालं नाही, ऑफिसात एक्सेल शीट फिरतेय, तीसही टीम्सपुढे ‘किती जिंकणार’ ते भरायचंय आणि जो तो जाणकार वेगळंच सांगतोय, तर कुणाचं ऐकू? जो फक्त ‘कुणी कुणाला किती मिलियनला घेतलं’ एवढंच सांगतो, त्याचं अजिबात ऐकू नका. बाकी उत्तर लांबणार आहे, कारण अशाच एका शीटवरून आमच्या घरात 2013 पासून वाद चालू आहे. 162 सामने, सहा गट, ऑक्टोबरातल्या बाद फेरीत जाणाऱ्या बारा टीम्स वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

मी 2007 साली लग्न होऊन पिट्सबर्गला आले. एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याबरोबर राहायचं, नोकरी करायची नाही. (आमच्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळायला 2015 उजाडलं.) पुण्यात सीएच्या ऑफिसात वह्या तपासणारी मी, इथे दिवसभर खिडकी आणि भांडी. नवऱ्याचे पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल रात्री सुरू व्हायचे, त्यामुळे टीव्ही बंद. स्वयंपाकघरात आधीच्या भाडेकरूने सोडलेला एक छोटा रेडिओ होता. कणीक मळताना तो हळू आवाजात लावायचे. संध्याकाळी सातला पिट्सबर्गच्या टीमचा, पायरेट्सचा सामना. पहिला महिनाभर काही कळलं नाही. टीम जिंकली की समालोचक ग्रेग ब्राउन ‘रेझ द जॉली रॉजर’ (चाच्यांचा झेंडा फडकवा) म्हणून ओरडायचा, तेवढं कळायचं, आणि बिचाऱ्याला ते ओरडायची वेळ फार येत नसे. त्या वर्षी आम्ही 94 हरलो. 2010 मध्ये 105. 1993 ते 2012 सलग वीस सीझन जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुणाची नव्हती. 2008 मध्ये याच टीमने रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करार दिला, तेव्हा आईने फोनवर विचारलं होतं, ‘तुमच्याकडे माणसं कमी पडली का गं?’

खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहायची. लाँड्रीत ओळख झाली. 1960 मध्ये आमच्या मॅझरोस्कीने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात शेवटचा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा) मारला, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती आणि हे ती दर भेटीत सांगायची. तिने मला स्कोअरबुक लिहायला शिकवलं. पेन्सिलीनेच लिहायचं. बॅटर हुकून आउट झाला तर सरळ ‘के’, नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा ‘के’, बेस चोरला, म्हणजे पिचर बॉल टाकत असताना पळून पुढचा बेस गाठला, तर ‘एसबी’. मला वह्यांची सवय होतीच. 2008 पासून मी एकेक सामना लिहून काढायला लागले. नवऱ्याला वाटलं बायको हिशेब लिहिते. त्याचं काही चुकलं नव्हतं.

2012 ची माझी वही आजही आहे. समोरच्या टीमच्या पानांवर नुसतं एसबी, एसबी, एसबी. आमच्या मुख्य कॅचरसमोर (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा, चोर पकडायचं काम त्याचं) त्या वर्षी 99 वेळा बेस चोरायचा प्रयत्न झाला आणि सहा जण पकडले गेले. सहा! म्हणजे तिजोरीला कुलूपच नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही 63 जिंकून 47 हरलेलो होतो, आणि तिथून घसरत 79-83 वर येऊन थांबलो.

त्या नोव्हेंबरात पायरेट्सनी यांकीजचा कॅचर रसेल मार्टिन घेतला, दोन वर्षांचे 17 मिलियन. आता भावजी येतात.

माझे धाकटे दीर न्यू जर्सीत एडिसनला राहतात, यांकीजचे भक्त. दर मार्चमध्ये ते नातेवाइकांत आणि मित्रांत एक शीट फिरवतात, तीस टीम्स, तीस रकाने. 2013 ला ती होळीच्या आठवड्यात आली. माझं पुरण गॅसवर शिजत होतं आणि फोन स्पीकरवर. मी पायरेट्सपुढे 88 लिहिलंय हे ऐकून पलीकडे हशा झाला.

‘वहिनी, माहेरचं मंगळसूत्र नाही हे. आकडे बघून भरा,’ भावजी म्हणाले.

‘मार्टिन आलाय,’ मी म्हटलं.

‘तो? 211 ची बॅटिंग आहे त्याची. आमच्याकडून गेला, सुटलो आम्ही.’ (211 म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आला तर 211 हिट, फार कमी.)

त्यांच्या शीटवर टोरोंटो पहिले, 96. तेव्हा सगळेच टोरोंटो टोरोंटो करत होते. त्यांनी मार्लिन्सकडून रेयेस, बर्ली आणि जॉन्सन एका दमात उचलले होते, मेट्सकडून आदल्याच वर्षी साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) मिळवलेला डिकी आणला होता. पाडव्याला पंचांगातलं वर्षफल वाचतात ना, पाऊस अमुक, धान्य महाग, राजा सुखी, तसं ते ऐकायला भरघोस वाटायचं. मी चिडून म्हटलं, हरेल त्याने पुढच्या होळीला सगळ्यांना पुरणपोळ्या करून घालायच्या. *करून*. हा शब्द नीट लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी, 1 एप्रिलला, आम्ही घरच्या मैदानावर शिकागो कब्स‌कडून हरलो. भावजींचा मेसेज आला, नुसता एक हसरा चेहरा. त्यानंतर सहा महिने मी काही उत्तर दिलं नाही.

1 ऑक्टोबर 2013. रेड्सविरुद्ध वाइल्ड कार्ड, म्हणजे बाद फेरीच्या दारातला सामना, एकच सामना, हरलात तर घरी. म्हातारीच्या घरात टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओ चालू, कारण ती म्हणे टीव्हीवाले आपले नाहीत. रेडिओ टीव्हीच्या काही सेकंद पुढे असायचा, म्हणजे आधी ऐकायचं आणि मग तेच बघायचं. पब्लिक काळ्या कपड्यांत, 21 वर्षांनी ऑक्टोबर बघणारं, आणि सगळं मैदान एका सुरात पिचरचं नाव लांबवतंय, ‘क्वेऽऽटो, क्वेऽऽटो’. आणि त्या क्वेटोच्या हातातून बॉल निसटून खाली पडला. पुढच्याच बॉलला होमरन. कुणी मारला? 211 वाल्याने. आधी रेडिओवर ग्रेग ब्राउन किंचाळला, म्हातारीने माझं मनगट धरलं, आणि मग आम्ही दोघींनी टीव्हीवर मार्टिनला बॅट फिरवताना पाहिलं, काय होणार ते ठाऊक असून. त्या रात्री त्याने आणखी एक मारला. आम्ही 6-2 जिंकलो. मी भावजींना फोन लावला. उचलला नाही.

शेवटचे आकडे: पायरेट्स 94 जिंकले. टोरोंटो 74, गटात शेवटचे. मार्टिनला सोडून ‘सुटलेले’ यांकीज 85, ऑक्टोबर घरी. मार्टिनची बॅटिंग फारशी सुधारली नव्हती हो, 226 होती. पण बेस चोरणाऱ्या दर दहांतले चार त्याने पकडले. शिवाय एक गोष्ट मला नंतर कळली, ती माझ्या वहीत येतच नव्हती: स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या, कडेवरचा बॉल तो हात न हलवता असा झेलायचा की अंपायरला स्ट्राइक वाटावा. वाण्याने तराजूला हळूच अंगठा लावावा तसं. एका बॉलमागे काही नाही, पण सीझनभरात हजारो बॉल येतात.

आणि 2014 च्या होळीला भावजी आमच्याकडे आले ते इंडियन स्टोअरमधली फ्रोझन पोळ्यांची पाकिटं घेऊन. वर म्हणाले, ‘वहिनी, तुमचं लक होतं.’

लक! सहा वर्षांच्या वह्या, आणि लक.

आता तुमच्या प्रश्नाकडे. लक मोजता येतं, हे भावजींना अजून पटलेलं नाही. टीमने गेल्या वर्षी किती सामने जिंकले हे बघू नका, किती रन केले आणि किती दिले ते बघा. बेसबॉलच्या आकड्यांचा जाणकार बिल जेम्स, त्याचं साधं सूत्र आहे: केलेल्या रनांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांची बेरीज, त्याला 162 ने गुणा. 2012 चे ओरिओल्स घ्या, 712 केले, 705 दिले. हिशेबाने 82 सामने व्हायला हवेत, ते जिंकले 93. कसे? एका रनाने निकाली लागलेले सामने त्यांनी 29 जिंकले आणि 9 हरले. हे दरवर्षी जमत नाही. भावजींनी 2013 ला त्यांच्यापुढे 94 टाकलं होतं, मी 83. त्या वर्षी एका रनाचे सामने 20-31 झाले आणि ते 85 वर आले. उलटंही होतं. 2023 चे पाद्रेस 104 रन जास्त करूनही जेमतेम 82 जिंकले, एका रनाच्या सामन्यांत 9-23. पुढच्या वर्षी 93. तेव्हा गेल्या सीझनची ही दोन खाती आधी काढा, मग कोण आलं कोण गेलं ते बघा, आणि त्यातही रन थांबवणारे कोण आले ते आधी. फुकटात मिळालेल्या माणसांकडे विशेष लक्ष. आमचा पिचर लिरियानो 2012 च्या ख्रिसमसला मुलांना घाबरवायला गेला आणि दारावर आपटून उजवा हात मोडून बसला. टीमने करार बदलून रक्कम कापली. तो डावखुरा होता, हे बहुतेक लोक विसरले. 2013 मध्ये 16 सामने जिंकून दिले त्याने, आणि ती वाइल्ड कार्डची रातही त्याचीच.

रेडिओवर ग्रेग ब्राउनशेजारी स्टीव्ह ब्लास बसायचा. 1971 च्या वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना त्याने एकट्याने जिंकून दिलेला. 1972 मध्ये त्याने 19 सामने जिंकले, आणि 1973 मध्ये एकदम त्याला बॉल स्ट्राइक झोनमध्ये टाकताच येईना. हाताला दुखापत नाही, काही नाही. 88 इनिंग्जमध्ये 84 जणांना फुकट बेस. इथे अशा प्रकाराला त्याच्याच नावाने ओळखतात, आणि तो स्वतः रेडिओवर त्यावर विनोद करायचा. तेव्हा कुणी तुम्हाला दशांश चिन्हासकट आकडा सांगितला तर ब्लास आठवा. 2015 मध्ये पेकोटा नावाच्या नामांकित गणिती पद्धतीने रॉयल्सना 72 सामने दिले होते. ते 95 जिंकले आणि वर्ल्ड सीरिज घेऊन गेले.

बरं, प्रामाणिकपणे सांगायचं राहिलं. माझ्या त्याच 2013 च्या शीटवर रेड सॉक्स गटात शेवटचे होते, कारण ते आदल्या वर्षी 93 हरलेले. त्यांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. 2015 ला आम्ही 98 जिंकून वाइल्ड कार्डला एका रात्रीत कब्सकडून 4-0 हरलो, हे कुठल्या रकान्यात भरणार? आणि 2016 ला मी पायरेट्सपुढे 95 लिहिलं होतं. ते 78 जिंकले, 83 हरले आणि पावसाने एक सामना बरोबरीत सुटला. भावजी तो बरोबरीचा सामना दर दिवाळीला काढतात. बेस चोरीचा सगळा दोष कॅचरचा नसतो हेही खरं. आमचे पिचर बॉल सोडायला वेळ लावायचे, हे मला तेव्हा रेडिओवर दिसणार कसं? शिवाय 2026 पासून अंपायरच्या स्ट्राइकला आव्हान देऊन मशीनकडून तपासून घेता येतं, म्हणजे तराजूवरच्या अंगठ्याची किंमत थोडी उतरणार. माझा सल्ला त्या प्रमाणात जुना समजा.

शीटवर काय लिहायचं? सर्वात वरच्या टीमला 100 च्या पुढे नेऊ नका आणि तळाच्याला 60 च्या खाली. बहुतेक वर्षी काही टीम्स ते मोडतात (2024 चे व्हाइट सॉक्स 121 हरले), पण त्या कुठल्या हे आधी ओळखता येत नाही. विजेत्याच्या रकान्यात डॉजर्स लिहा. 2024 आणि 2025 दोन्ही त्यांनीच घेतली, चुकलात तरी कुणी हसणार नाही. आणि एका टीमपुढे तुम्हाला स्वतःला पटलेला आकडा लिहा, बॉस हसला तरी खोडू नका.

यंदाची शीट काल आली. पायरेट्सपुढे भावजींनी 72 टाकलंय, शेजारी ‘वहिनी?’ असं लिहून. 2025 च्या सीझनला आमचा पिचर पॉल स्कीन्सने नऊ इनिंग्जमागे दोन रनसुद्धा दिले नाहीत, साय यंग मिळवला, आणि तरी त्याचा हिशेब 10-10, कारण आमच्याकडे रन करणारं कुणी नव्हतं. मी माझा आकडा इथे सांगणार नाही, भावजी हे वाचतात. हरभऱ्याची डाळ मी यंदाही आणलेली नाही. ती त्यांनी आणायची आहे, आणि लाटणंही.